कोणी कोणाला धरायचं?

१७ ऑगस्ट. खाडीवर सकाळपासून पिसाट वारा, आभाळ काळंभोर. पलीकडच्या दवाखान्यात बहिणीचं ऑपरेशन रक्तासाठी खोळंबलं होतं आणि तिच्या गटाचं रक्त घरात एकट्या तिच्या भावाचं, केशव मांजरेकरचं. लहानपणीच पायांतलं बळ गेल्यामुळे केशव तीनचाकी मोटारसायकलवर फिरे. वाऱ्यामुळे या फेरीनंतर फेरीबोट बंद होणार होती.

बोटीच्या तोंडाशीच तपासनीस तावडेसाहेब आडवे आले. "मोटारसायकलवाल्याने खाली उतरून गाडी धरून उभं राहायचं. नियम आहे. जमत नसेल तर मागे फिर."

भोंगा वाजला. केशवने विचारलं, "साहेब, धरायची कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? बोट हलली की गाडी पडते!"

"ही तीन चाकांवर उभी आहे, पडायची नाही. खाली उतरलो तर पडेन मी. म्हणजे आमच्यात धरायचं काम गाडीकडे, आणि ती मघापासून मला धरूनच आहे. मग नियम मोडला कोणी?"

खलाशी खो खो हसले. "तावडेसाहेब, आता गाडीलाच विचारा!"

तावडेसाहेब बाजूला झाले. केशव गाडीवर बसूनच पलीकडे गेला. दुपारी त्याचं रक्त घेतलं, संध्याकाळच्या आत ऑपरेशन झालं. बहीण वाचली.