दुभाष्याला हाकला, महाराज!

हौसानं ब्रेक दाबला, आणि गाडीनं भोंगा वाजवला!

डावीकडे वळायला गेली, तर काचेवरचे वायपर फटाफट नाचू लागले. पाऊस कुठला? डोक्यावर रणरणतं ऊन! मागे बसलेले चंद्रकोटचे राजे रणधीरसिंह ओरडले, "हौसा, थांबव!"

हौसा क्षणभर गोंधळली. मग म्हणाली, "उलटीच खोपडी दिसते हिची!" आणि तिनं भोंग्याचं बटण दाबलं. गाडी जागच्या जागी थांबली. महाराजांचा मुकुट मात्र थांबला नाही. तो उडाला आणि रस्त्याकडेच्या भज्यांच्या परातीत जाऊन बसला!

हौसा ही महाराजांच्या नव्या विजेच्या गाडीची सारथी. जीभ तिखट, हात पक्का. कालपर्यंत तिची गाडी शहाण्या बैलासारखी चालत होती. आज सकाळी नवं अपडेट घातलं आणि बिघडली.

झालं होतं असं. गाडी बांधताना परदेशाहून यायची मूळ चिप आलीच नाही. जहाजं बंदरात अडकून पडलेली. महाराजांना तर गाडी दसऱ्याला हवीच! मग कारखान्याचे मुख्य मिस्त्री गोंदाजी यांनी तिच्या तोडीची दुसरी चिप शोधली, बदली म्हणून बसवली आणि तिला समजेल असा प्रोग्रॅम लिहिला. गाडी झकास चालली. पण परदेशाहून आलेलं हे नवं अपडेट लिहिलेलं होतं मूळ चिपसाठी. बदली चिपला त्यातलं निम्मं कळेना, आणि उरलेलं भलतंच कळे!

दरबारात गोंदाजींनी हात जोडले. "महाराज, एक तर चिप बदलू द्या, नाही तर अपडेट काढू द्या."

"चिप बदलायची?" महाराज गरजले. "दसऱ्याला मी स्वतः पुजली आहे तिला! आणि अपडेट काढायचं? त्यावर माझा शिक्का आहे! चिप तीच राहील, अपडेटातलं एक अक्षर हलणार नाही. उद्या तुंगपूरच्या राणीसाहेब येताहेत. त्यांना वेशीपासून याच गाडीतून आणायचं. गाडी धड चालली नाही, तर तुम्हा दोघांना तिला जुंपीन!"

"आम्हाला जुंपल्यावर हाकणार कोण, महाराज?" हौसानं विचारलं.

"मी!"

गोंदाजींनी कपाळाला हात लावला. भर बाजारातून, साऱ्या गावादेखत गाडी ओढायची?

तेवढ्यात तुंगपूरचा राजदूत आत आला. त्याला मराठीचा गंध नाही, महाराजांना तुंगपुरीचा नाही. दोघांच्या मधे दुभाषे सखोपंत उभे राहिले.

महाराज म्हणाले, "सांगा याला, राणीसाहेबांनी हत्ती आणू नयेत. गेल्या खेपेला माझी केळीची बाग फस्त केली त्यांनी!"

सखोपंत गोड आवाजात काहीतरी बोलले. राजदूत खूश होऊन कमरेत वाकला.

हौसा टक लावून बघत होती. एकाएकी तिचे डोळे लकाकले. ती पुढं धावली. "महाराज! या सखोपंतांना आधी दरबारातून हाकला!"

दरबार चपापला. सखोपंतांची तर पगडीच तिरकी झाली.

"का गं? काय केलं त्यांनी?" महाराजांनी विचारलं.

"त्यांचं कामच काय? तुम्ही हुकूम सोडावा, राजदूतानं ऐकावा!"

"अगं, त्याला मराठी येत नाही!"

"मग राजदूत बदला!"

"वेडी आहेस का? उद्या राणी येते आहे. तिचा अपमान होईल, लढाई पेटेल!"

"मग तुम्ही तुमचे शब्द बदला!"

"राजाचा शब्द बदलत नसतो!"

"अरे देवा!" हौसानं गालावर हात ठेवला. "राजदूत तोच, शब्दही तेच, आणि एकाचं दुसऱ्याला कळत नाही. मग तुमचं काम चालतं तरी कसं?"

"मधे दुभाष्या आहे म्हणून!" महाराज ओरडले.

आणि त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"मग गाडीलाही एक दुभाष्या द्या की, महाराज! अपडेट तेच, चिप तीच. मधे बसणारा तेवढा नवा!"

"शाब्बास, हौसा!" गोंदाजींनी उडीच मारली. "मधला प्रोग्रॅम! अपडेट बोलेल ते चिपच्या भाषेत सांगणारा!" आणि ते अनवाणीच कारखान्याकडे पळत सुटले. पंतांनी पगडी सरळ केली.

दुसऱ्या दिवशी वेशीवर हौसानं छातीवर हात ठेवून ब्रेक दाबला. गाडी थांबली! डावीकडे वळवली, डावीकडेच वळली! राणीसाहेब बसल्या, तशी गाडीनं दिव्यांची उघडझाप करून त्यांना सलाम ठोकला. राणीसाहेब लहान मुलीसारख्या टाळ्या पिटत राजवाड्यापर्यंत आल्या.

महाराज खूश झाले, पण हट्ट कुठं जातो! भरल्या दरबारात त्यांनी विचारलं, "हौसा, खरं सांग. काल चूक कोणाची होती? चिपची की अपडेटाची?"

चिप महाराजांनी पुजलेली, अपडेटावर महाराजांचा शिक्का! कोणालाही नावं ठेवली तरी पंचाईत.

हौसा म्हणाली, "महाराज, नवरा गुणाचा होता, नवरीही गुणाची होती. लग्न लावणाऱ्यानं पत्रिका तेवढ्या बघितल्या नव्हत्या!"

"म्हणजे मी!"

"मी कुठं नाव घेतलं?"

महाराज असे खो खो हसले की सिंहासन डुगडुगलं. हसता हसता त्यांनी गळ्यातला कंठा काढून हौसाच्या हातात दिला आणि हुकूम सोडला, "यापुढं कुठलंही अपडेट आलं, की आधी हौसा पत्रिका बघेल. मगच माझा शिक्का!"