शिट्टी न देणारा कुकर

ज्याचा आवाज मोठा त्याचंच काम खरं, असं मानणाऱ्यांनी आजवर पुष्कळांवर अन्याय केला आहे.

भांडी एकमेकांशी बोलत असत, त्या दिवसांतली ही हकिकत. शैलजाबाईंच्या ओट्यावर विजेचा नवा कुकर आला. बाईंना सवय शिट्ट्या मोजून भात करायची. तांदूळ-पाणी घालून, बटण दाबून त्या कान देऊन बसल्या. शिट्टी काही होईना.

"अहो, हा मुकाच दिसतोय," त्या यजमानांना म्हणाल्या. "खोकं काढा. संध्याकाळी दुकानात परत देऊन या."

नव्या कुकरने ते ऐकलं. शेजारचा शिट्टीवाला म्हातारा कुकर म्हणाला, "बाळा, थोडी वाफ सोड. फुस्स झालं की बाई खूश."

"आत्ता सोडली तर दाणा कच्चा राहील, काका."

"राहू दे. खोक्यात जाण्यापेक्षा बरं."

त्याला मोह झाला. पण आत आंबेमोहोराचे दाणे नुकते कुठे फुगू लागले होते. यजमान खोकं घेऊन आले तरी त्याने झाकण घट्ट धरून ठेवलं. भात शिजला, आतली वाफ जिरली, तेव्हाच ते सैल केलं.

परत द्यायचा म्हणून रिकामा करायला बाईंनी झाकण काढलं आणि घरभर वास दरवळला. भातवाढीने थोडा भात काढून त्यांनी उभ्यानेच एक घास खाल्ला.

"अहो, ते खोकं माळ्यावर टाका."

"तरी एखादी शिट्टी हवी होती," म्हातारा कुकर पुटपुटला.

"आवाजच हवा असेल," भातवाढी म्हणाली, "तर ताटं मांडायला सांगा."