सातच का?

माळावरच्या वाळव्यांमध्ये फार पूर्वी एक रीत होती. परीक्षा पार केल्याशिवाय कुणालाही वारूळ बांधू देत नसत. मातकी नावाची एक तरुण वाळवी तीन पावसाळे नियम घोकत होती. कच्च्या मातीचं वारूळ गवताहून उंच नको, लाळेत मळलेल्या मातीचं बोरीच्या झुडपाइतकं चालेल, आणि एका दारामागे दालनं सातच.

परीक्षा घेणाऱ्या भुरकाबाईंपुढे तिने हे न अडखळता म्हणून दाखवलं.

“पण सातच का?” बाईंनी विचारलं.

“नियमात तसंच आहे.”

बाई तिला शेजारच्या ओस वारुळात घेऊन गेल्या. माती कच्ची, उंची बोरीएवढी, दार एक आणि दालनं अकरा. शेवटच्या दालनात तिला उभं करून त्या म्हणाल्या, “अस्वल आलंय असं समज आणि एका दमात बाहेर ये.” मग बाहेर जाऊन त्या भिंतीवर डोकं आपटू लागल्या.

मातकी धावत सुटली. छतातून माती गळत होती, अंधारात वळणं सापडेनात. सात दालनं ओलांडली आणि तिचा दम संपला. ती भिंतीला टेकली, तर भिंत खरबरीत लागली. तिने चाचपून पाहिलं. ते जबड्यांचे ओरखडे होते, एकावर एक, शेकडो. दाराकडे सरकताना पुढच्या दालनांच्या भिंती मात्र गुळगुळीत लागल्या.

ती रांगत बाहेर आली.

“सातच का?” बाईंनी पुन्हा विचारलं.

“अस्वल आलं तेव्हा इथल्या सगळ्या सातव्या दालनापर्यंत पोचल्या होत्या, बाई,” मातकी म्हणाली. “पुढे एकही गेली नाही.”