आडवा हात

अवयव एकमेकांशी भांडत, त्या काळातली गोष्ट. अंतोबा हलवायाच्या छातीत एक फुशारकीखोर हृदय राहत होतं. शीरमावशी अंगभरचं रक्त आणून त्याला आग्रहानं वाढायची. चार घोट जास्त पडले की हृदय ताणलं जायचं आणि तितक्याच जोरात रक्त पुढे फेकायचं.

"वाढ मावशी! जितकं वाढशील तितका माझा जोर!" ते म्हणायचं. मूत्रपिंड म्हणालं, "पुरे आता." हृदय खेकसलं, "तू आपली मोरी सांभाळ!"

अंतोबांना पापड-लोणच्याचं भारी वेड. खारटानं अंगात पाणी साठलं आणि मावशीचं भांडं ओसंडू लागलं. हृदयानं तेही घेतलं. घेता घेता ते धुऊन धुऊन सैल झालेल्या बनियनसारखं झालं.

"अरे, माझ्या ओसरीत पाणी शिरलं!" फुफ्फुस ओरडलं. "आमच्यावर वहाणा चढेनात!" पाय कण्हले.

हृदय धापा टाकत म्हणालं, "अशक्तपणा आलाय. मावशी, अजून वाढ!" मावशीनं वाढलं. आता तर त्याला निम्मंही पुढे ढकलवेना, आणि अंतोबांना आडवं पडवेना.

शेवटी हृदय हळूच म्हणालं, "मूत्रपिंडदादा, तेवढी मोरी उघडता का?"

"आधी पापड बंद!" दादा गुरगुरले. वैद्यांनीही तेच सांगून लघवी सुटायचा काढा दिला. दिवसभर अंतोबा परसात खेपा घालत राहिले.

सकाळी मावशी आली. हृदयानं हवं तेवढं घेतलं आणि ठणठणीत ठोका दिला.

"एवढंसंच घे रे, माझ्यासाठी!" मावशी पुन्हा वाकली.

हृदयाला हात नव्हता. तरी त्यानं तो आडवा धरला.