‘हो’चा रकाना

“मग तिथलं सगळं आणलंस?” बुवांनी विचारलं.

“सगळं, बुवा. एका माणसाचं नाव मागे राहिलं नाही.”

हे सांगताना शंतनू गारगोटेची मान जरा ताठ झाली, आणि ते साहजिकच होतं. तालुक्याच्या रक्तपेढीतल्या जुन्या, सारख्या आजारी पडणाऱ्या सर्व्हरवर वर्षानुवर्षांचा पसारा साठला होता. तो सगळा क्लाउडवर हलवायचं काम त्यानं एकहाती तडीस नेलं होतं. आता कुठल्याही रक्तदात्याची माहिती मोबाइलवरसुद्धा उघडत होती. त्याबद्दल साहेबांनी त्याला शाल-नारळही दिला होता.

लहानपणी तो बुवांच्याच मठात राहून शाळा शिकला. तो मठ खाली दरीत होता. पुढे धरण झालं, मठ पाण्यात गेला आणि टेकडीवर हा नवा उभा राहिला. शंतनू इथं पहिल्यांदाच येत होता, आणि शाल-नारळाची गोष्ट सांगायला काही तो एवढा चढ चढून आला नव्हता.

दोघं ओट्यावर बसले होते. बुवा खालच्या पाण्याकडे बघत होते.

“मग अडलंय कुठं?”

“दाते यायचे थांबलेत...”

बुवांनी पाण्यावरची नजर त्याच्याकडे वळवली.

“न चुकता येणारी माणसं, बुवा. आता फोन केला की ‘बघतो’ म्हणतात, आणि फिरकत नाहीत. फ्रीज रिकामा पडत चाललाय. थॅलेसेमियाची पोरं आहेत, त्यांना दर महिन्याला रक्त चढवावं लागतं. परवा एका पोरीला तसंच घरी पाठवलं. तिची आई भांडलीसुद्धा नाही. नुसती उठली आणि...”

मग एकदम तो तावात आला.

“आणि काउंटरवरच्या बायका खापर फोडतायत माझ्यावर. सोमवारी जुना सर्व्हर कायमचा बंद करायचाय, तर त्याला हात लावू देईनात. म्हणतात, तुमचं नवीन आलं आणि माणसं गेली. मशीन कुठं माणसं पळवतं का?”

“नवीन नीट चालत नाही?”

“पळतं! आधी एकेका दात्याच्या नोंदीला केवढा वेळ जायचा. आता दोनदा बोट लावलं की पुढचा.”

“आणि टाकलंस काय?”

“काय टाकणार? कचरा.” शंतनू हसला. “एक गंमत सांगतो. जुन्या प्रोग्रॅममध्ये एक रकाना होता. तो भरल्याशिवाय दात्याची नोंद पुरीच व्हायची नाही. आणि त्यात विचारलेलं काय, तर ‘चहा दिला का?’ मी सगळ्या नोंदी तपासल्या, बुवा. पहिल्या दिवसापासून प्रत्येकापुढे ‘हो’. एकदाही ‘नाही’ नाही. ज्या रकान्यात एकच उत्तर असतं, तो काहीच सांगत नसतो. असलं ओझं पुढं न्यायचं नाही, हा आमच्या धंद्यातला साधा नियम आहे.”

“अस्सं...”

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. “चल, आत चल.”

मठाचं दार भक्तमंडळींनी हौसेनं बांधलं होतं. हत्ती अंबारीसकट आत जावा, एवढं उंच. बुवा उंबऱ्यापाशी थांबले, कमरेत पार खाली वाकले आणि तसेच दबकत आत गेले.

शंतनूला जुन्या मठाचं दार आठवलं. ते होतंच इतकं बुटकं की आत जाणारा कोणीही असो, त्याला वाकावंच लागे. त्याच्या कपाळाला तिथं कितीदा टेंगूळ आलं होतं. त्याला हसू आवरेना.

“बुवा, इथं डोकं आपटायची भीती नाही! केवढं उंच दार आहे.”

“आहे ना.”

“मग वाकलात कशाला?”

बुवा हळूहळू सरळ झाले.

“दार पाण्यात राहिलं रे... वाकणं तेवढं वर आणलं.”

शंतनूचा उंबऱ्यावरचा पाय तिथंच राहिला.

त्याला सकाळचा काउंटर दिसला. नुकतंच रक्त देऊन आलेला एक म्हातारबा सदऱ्याची बाही खाली करत उभा होता. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करताच म्हटलं होतं, “पुढचे या.” म्हातारबा थोडा घुटमळला आणि निघून गेला. तेव्हा शंतनूनं घड्याळ बघितलं होतं आणि वेळ किती वाचला म्हणून तो खूश झाला होता.

आता त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“बुवा... तो रकाना परत बसवू?”

बुवा आत जाऊन भिंतीला टेकून बसले.

“मग जुना सर्व्हर राहू दे का चालू?”

“बंद कर की. त्याला कशाला जपायचं?”

“मग करू तरी काय?”

आतून भांड्यांचा आवाज येत होता. मठाचा स्वयंपाक बघणाऱ्या गोदूताई चुलीपाशी होत्या.

बुवांनी तिकडे तोंड करून हाक दिली.

“गोदूताई... पोराला चहा दिला का?”