उखा पाटकऱ्याची एक वाटी

ऐका. धरणं नव्हती, नळ नव्हते, पाण्याचे कागद नव्हते, तेव्हाची ही खानदेशातली गोष्ट. नदीचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर दोन्ही काठची माणसं अजूनही भांडायला उभी राहतील.

त्या नदीवर दगडी बंधारा होता. बंधाऱ्यातून पाट निघे आणि गावाच्या शेतांना पाणी देत कोसभर खाली जाई. पाटाच्या तोंडाशी होता वरला फड, शेपटाशी होता शेवटचा फड. फड म्हणजे एका पाण्यावर भिजणाऱ्या शेतांचा पट्टा. नदी आटायला लागली की आधी शेवटच्या फडाला पाणी, मग चढत चढत वर, असा वाडवडिलांचा कायदा. वरचा हात मारून घेतो आणि खालचा बोंबलत बसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

हा कायदा चालवी पाटकरी. पाटाच्या बांधाला त्याचंच फावडं लागायचं, दुसऱ्या कुणाचं नाही. त्या काळी पाटकरी होता उखा. असं म्हणतात, तो जमिनीला कान लावून पाणी कुठवर आलं ते सांगायचा. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी तो घंगाळातल्या पाण्यावर सोडी. ती भरून बुडाली की एक वाटी पाणी झालं. कोरड्या साली प्रत्येक शेताला तीन वाट्या मिळत. राजा आला तरी चौथी नाही.

मग एक साल असं आलं की माघातच नदीची वाळू उघडी पडली. गहू नुकता ओंबीवर आला होता. बंधाऱ्यात पाणी उरलं ते एका पाळीपुरतं, तेही वरच्या फडापर्यंत पोचेल याची खात्री नव्हती. उखाची लेक झेला गावातच दिलेली, तिचं शेत वरच्या फडात. नवरा अंथरुणाला खिळलेला, पदरात दोन लेकरं. ती काही मागायला आली नाही. बांधावर उभी राहिली, वाळलेली एक ओंबी चुरगाळली आणि घरी गेली. मागितलं असतं तर उखा नाही म्हणाला असता. न मागणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?

शेवटच्या फडात सुपडूबाप्पाच्या शेताची तिसरी वाटी लागली होती. उखानं पाटाच्या तोंडाशी बसून वाटी पाण्यावर सोडली आणि फावड्यानं झेलाच्या शेताचं तोंड उघडलं. वाटी सुपडूबाप्पाच्या नावानं बुडाली, पाणी झेलाच्या गव्हाला गेलं.

दुसऱ्या दिवशी शेवटचा फड कुऱ्हाडी घेऊन वर आला. सुपडूबाप्पाचा एक पट्टा कोरडाच राहिला होता आणि इथे झेलाच्या शेतात पाय रुतत होते. वरच्या फडाचे लोकही काठ्या घेऊन बांधावर चढले.

"पाट कोन्ही फोडा?" सुपडूबाप्पा गरजला.

पाट फोडणाऱ्याला सालभर पाणी बंद, असा नियम होता. झेलाला सगळं कळलं होतं. ती बापाकडे बघेना. मान खाली घालून म्हणाली, "मी फोडा, बाप्पा."

एक कुऱ्हाड वर झाली. उखाच्या तोंडचं पाणी पळालं. गप्प बसला तर लेक जाते, बोलला तर फावडं जातं आणि चार पिढ्यांची अब्रू जाते. त्यानं फावडं सुपडूबाप्पाच्या पायाशी ठेवलं.

"झेलानी नही फोडा. पानी मीच दिधं. तुन्ही वाटी मी तिले दिधी."

चुकलेल्या पाटकऱ्याला काय शिक्षा, हे कायद्यात नव्हतंच. पाटकरी चुकेल, असं वाडवडिलांच्या मनातच आलं नव्हतं.

"आते काय?" सुपडूबाप्पानं विचारलं.

"एक वाटी पानी मी आनी देसू," उखा म्हणाला.

तोवर बंधारा रिता झाला होता. पाणी होतं ते वरच्या डोहात, दीड कोसावर. उखानं खांद्यावर कावड घेतली, दोन बाजूंना दोन घागरी, आणि चालू लागला. वाटीभर वेळात पाटातून किती पाणी जातं? खांद्यावर आणायचं तर जन्म पुरायचा नाही. पण तो आणत राहिला. पहिल्या दिवशी लोक हसले. तिसऱ्या दिवशी त्याच्या टाचा फुटल्या तेव्हा कुणी हसेना. झेला घागर घेऊन आली, तर म्हणाला, "जाय बेटा घर. हाई मन्हं देनं से." असं म्हणतात, त्या पाण्यातला एक घोटही त्यानं घशाखाली घातला नाही.

सातव्या दिवशी शेवटच्या फडाच्या बांधावर तो कोसळला. घागरी कलंडल्या. आणि असं म्हणतात, त्या घागरींतून पाणी येतच राहिलं. वाफ्यातून वाफ्यात गेलं, सगळा पट्टा घोट्याइतका भिजला, तरी घागरी रित्या होईनात. खोटं वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. मला नाही वाटत.

"भिजनं का, बाप्पा?" उखानं विचारलं.

सुपडूबाप्पानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याला रडू आवरेना. "भिजनं रे उखा, सारं भिजनं." ते ऐकून उखानं डोळे मिटले.

तेव्हापासून त्या गावात दर साली पाट सोडायच्या दिवशी सगळा गाव बंधाऱ्यावर जमतो. पाटकरी फावडं खाली ठेवतो आणि गेल्या साली पाणी देताना आपण कुठे चुकलो, कुणाचं पाणी कमी पडलं, ते सगळ्यांसमोर सांगतो. मगच फावडं त्याच्या हातात देतात. एका साली नवा पाटकरी छाती काढून म्हणाला, "मन्ही काहीच चूक नही." गाव जागचा हलला नाही. ऊन डोक्यावर आलं तरी पाट बंदच. शेवटी शेवटच्या फडातली एक म्हातारी म्हणाली, "बैस, भाऊ. उखा बी चुकना व्हता. तू आठव, आम्ही थांबतस."