नखभर पितळ

फार पूर्वी, म्हणजे बंदुका आल्या होत्या पण तयार काडतुसं अजून दुकानात मिळत नव्हती अशा काळात, दोन टेकड्यांच्या मध्ये एक लहानसं राज्य होतं. त्याला लागून तेवढंच लहान दुसरं राज्य होतं. दोन्हींच्या मध्ये हिरवंगार कुरण होतं आणि ते नक्की कोणाचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

दोन्ही राजे समजूतदार होते. कुरणासाठी लढाई केली तर कुरणच तुडवलं जाईल, हे त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी ठरवलं की दरवर्षी दसरा झाला की चांदमारी करायची. दोन्हीकडच्या नेमबाजांनी निशाणावर गोळ्या झाडायच्या आणि जिंकेल त्याची गुरं वर्षभर कुरणात चरायची.

आपल्या गोष्टीतला राजा बरीच वर्षं हरत आला होता. त्याची गुरं कुंपणाशी उभी राहून पलीकडच्या गवताकडे बघत. पलीकडची गुरं चरता चरता मुद्दाम मान वर करून यांच्याकडे बघत. दूध इतकं कमी झालं होतं की राजवाड्यातली खीरसुद्धा न ढवळता तळ दाखवायची.

राजाकडे नेमबाज दोन होते. एक सेनापती आणि दुसरे राणीसाहेबांचे धाकटे भाऊ, ज्यांना सगळे मेहुणेसाहेब म्हणत. दोघांचं एकमेकांशी पटत नसे. दोघांची काडतुसं भरणारा माणूस मात्र एकच होता.

हा काडतूसवाला हाताचा चांगला होता. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी नळी, म्हणजे पुंगळी, तो परत वापरायचा. तिच्यात दारू भरायची, वर शिशाची गोळी बसवायची आणि लोखंडी साच्याची मूठ खाली ओढायची. साचा पुंगळीचं तोंड गोळीभोवती आवळायचा की काडतूस तयार. साचा किती खाली यावा हे वरच्या एका स्क्रूवर ठरायचं.

त्याचा दोष एकच होता. त्याला कोणालाही नाही म्हणता येत नसे.

सेनापती येऊन म्हणत, “अरे, काय आवळतोस एवढं? पुंगळीचा गळा फुगतो. काडतूस बंदुकीत शिरत नाही.”

“हो हो, सरकार,” म्हणून तो स्क्रू सैल करी.

मग मेहुणेसाहेब येत. “काय रे, गोळी नुसती वर ठेवलीस का? पट्ट्यातून काढताना हातात येते.”

“हो हो, साहेब,” म्हणून तो स्क्रू घट्ट करी.

पुन्हा सेनापती येत. स्क्रूचे आटे झिजत चालले होते, पण काडतूसवाल्यावर कोणी रागावलेलं नव्हतं आणि तो त्यातच समाधानी होता.

अशात त्याचं लग्न झालं. घरातली पितळी भांडी घासायचं काम रीतीप्रमाणे नव्या नवरीकडे आलं आणि पितळ ते पितळ, म्हणून त्याच टोपलीत पुंगळ्याही येऊन पडल्या. ती फारसं बोलत नसे. तिने चिंच आणि राख घेतली, पुंगळ्या लख्ख घासल्या आणि वाळण्यासाठी ओट्यावर रांगेत उभ्या करून ठेवल्या. मग बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसली.

“अहो, या सारख्या नाहीत.”

“सगळ्या पितळेच्याच आहेत.”

“उंचीला सारख्या नाहीत. सेनापतींच्या उंच आहेत. मेहुणेसाहेबांच्या ठेंगण्या.”

“अगं, सगळ्या एकाच कारखान्यातून आल्यात. पितळ म्हणजे काय कोथिंबीर आहे वाढायला?”

तिने एक उंच आणि एक ठेंगणी पुंगळी शेजारी शेजारी उभी केली आणि तांदूळ निवडायला निघून गेली. ती गेल्यावर त्याने वाकून पाहिलं. नखभर फरक होता.

मग त्याला आठवलं. बार उडाला की आतल्या धगीने पितळ दर वेळी जरासं ताणलं जातं, असं त्याच्या वडिलांनी त्याला एकदा सांगितलं होतं. तेव्हा तो “हो हो” म्हणाला होता. सेनापती जुन्या पुंगळ्या सोडायला तयार नसत, कारण त्या त्यांच्याबरोबर लढाईवर गेल्या होत्या. मेहुणेसाहेबांना कायम कोऱ्या लागत. साचा एकाच उंचीवर थांबायचा. उंच पुंगळी त्यात चेंगरायची आणि ठेंगणीपर्यंत तो नीट पोचायचाच नाही.

“मग सेनापतींच्या भरताना एकदा स्क्रू फिरवतो आणि मेहुणेसाहेबांच्या भरताना एकदा,” तो तिच्यापाशी जाऊन म्हणाला.

“सेनापतींच्यातसुद्धा दोन सारख्या नाहीत. जिने जेवढे बार काढलेत तेवढी ती लांब. प्रत्येकीसाठी फिरवणार?”

“मग काय करू?”

“सगळ्यांत ठेंगणी असेल तिच्याएवढ्या बाकीच्या कापा.”

दुसऱ्या दिवशी तो सेनापतींकडे गेला आणि आडून आडून विषय काढला.

“माझ्या कापायच्या?” सेनापती म्हणाले. “त्या पोराच्या लांब कर की.”

“कापता येतात, सरकार. लांब करता येत नाहीत.”

“मग जमत नाही म्हण.”

मेहुणेसाहेब म्हणाले, “त्यांच्या काप, खुशाल काप. माझ्या कोऱ्यांना हात लावू नकोस. आणि मी सांगितलं असं त्यांना सांगू नकोस.”

काडतूसवाला घरी आला. त्याने थोडा विचार केला आणि स्क्रू बरोबर मधोमध आणून ठेवला.

“झालं,” तो म्हणाला. “आता दोघंही खूश.”

“मधोमध म्हणजे दोघांचंही थोडं थोडं चुकणार.”

“तू फार बोलतेस,” तो म्हणाला. सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलली होती.

दसऱ्याला शस्त्रपूजा झाली आणि राजाने आपल्या डोळ्यांसमोर सराव करायला सांगितला. सेनापतींनी ऐटीत बंदूक उघडली. काडतूस अर्धं आत गेलं आणि थांबलं. त्यांनी ते अंगठ्याने दाबलं, तळव्याने दाबलं. मग ते काडतूस ठोकायला पायातला बूट काढू लागले, तेव्हा राजा उठून सिंहासनाच्या मागे गेला आणि तिथूनच म्हणाला, “राहू द्या, सेनापती.”

मेहुणेसाहेब गालात हसले. हसता हसता त्यांनी पट्ट्यातून काडतूस ओढलं. पुंगळी हातात आली, गोळी पट्ट्यातच राहिली आणि दारू नव्या रेशमी अंगरख्यावर सांडली. मग सेनापतीही हसले.

राजा हसला नाही. त्याने काडतूसवाल्याला पुढे बोलावलं.

“स्क्रू कोणाच्या सांगण्यावरून लावलास?”

“दोघांच्याही, महाराज.”

“दोघं एकच सांगत होते?”

“नाही, महाराज. उलटसुलट.”

“आणि तू?”

“मी हो म्हणालो.”

राजाने थोडा वेळ डोळे मिटले. “चांदमारी तोंडावर आली आहे. या वेळी कुरण गेलं, तर हा साचा मी दुसऱ्याच्या हाती देईन. आणि कुरण नसल्यामुळे गुरांना जे गवत लागेल, ते तू टेकडीवरून कापून आणायचं. सगळ्या गुरांना. वर्षभर.”

काडतूसवाला घरी येऊन पाटावर बसला. बायकोने पान वाढलं. पानाच्या डाव्या बाजूला, जिथे चटणी असते तिथे, तिने कानस ठेवली होती. जेवण उरकून त्याने टोपी घातली आणि तो सेनापतींच्या घरी गेला.

पूजेतल्या जुन्या पुंगळ्या अजून चौरंगावर होत्या. त्यांच्यावर झेंडूची फुलं वाहिलेली होती.

“सरकार, या मी कापणार आहे,” तो म्हणाला. हे तो इतकं पुटपुटत बोलला की सेनापतींना ते दुसऱ्यांदा सांगायला लावावं लागलं. “मेहुणेसाहेबांच्याही कापणार आहे. ज्या कोऱ्या आहेत त्यासुद्धा. सगळ्या एका उंचीच्या होणार. हे चालत नसेल, तर यंदा मी काडतुसं भरणार नाही.”

सेनापतींनी मिशीला हात लावला. काडतूसवाल्याने डोळे मिटले.

“किती कापणार?”

“नखभर, सरकार.”

“कोणाच्या नखाएवढं?”

“माझ्या.”

सेनापतींनी त्याचा हात ओढून उजेडात धरला. “अंगठ्याच्या, की करंगळीच्या?”

“करंगळीच्या, सरकार.”

“मग हे आधी नाही का सांगायचं?” सेनापती म्हणाले आणि स्वतःच फुलं बाजूला करायला लागले.

मेहुणेसाहेबांचं काम त्याहून सोपं निघालं. सेनापतींच्या कापल्या जाणार आहेत एवढं कानावर पडताच त्यांनी आपल्या पुंगळ्या घरपोच पाठवून दिल्या.

मग काडतूसवाला एकेक पुंगळी मापाला लावून कानशीने घासत बसला आणि बायको ती चिंचेने उजळत बसली. सगळ्या एका उंचीच्या झाल्यावर त्याने स्क्रू एकदाच लावला आणि तो पुन्हा फिरू नये म्हणून त्यावर लाखेचा ठिपका दिला. त्यानंतर सेनापती येऊन गेले, मेहुणेसाहेबही येऊन गेले. दोघांनी काही ना काही सुचवलं. त्याने दोघांना लाख दाखवली.

चांदमारीच्या दिवशी दोघांची काडतुसं एकाच पिशवीतून निघाली. एकही अडकलं नाही, एकाचीही गोळी निखळली नाही. शेजारच्या राजाने निशाण जवळून पाहिलं, परत एकदा पाहिलं आणि फाटक उघडायला सांगितलं. गुरं आत शिरली. यंदा त्यांनी मान वर केली नाही, त्यांना सवडच नव्हती.

सेनापतींनी झाडलेल्या पुंगळ्यांच्या ढिगातून एक उचलली. “जिंकून देणारी ही बघा. माझी जुनी. लढाई पाहिलेलं पितळ कसं बोटांना कळतं.”

“ती माझी आहे,” मेहुणेसाहेब म्हणाले. “कोरं पितळ असंच चमकतं.”

“माझी.”

“माझी.”

दोघं तशीच ती पुंगळी धरून काडतूसवाल्याकडे आले. “सांग रे, कोणाची?”

काडतूसवाल्याच्या जिभेवर सवयीने “दोघांचीही” आलं होतं. त्याने ते गिळलं.

“माहीत नाही,” तो म्हणाला. “आता ओळखता येत नाही.”

त्याची बायको टोपली घेऊन पुढे आली आणि टोपली त्यांच्यासमोर धरली.

“टाका यात,” ती म्हणाली. “घासायची आहे.”

तात्पर्य: सगळ्यांना एकच साचा लावायचा, तर आधी सगळ्यांची मापं एक करावीत. त्यात ज्याचं थोडं कापलं जाणार, त्याला ते तोंडावर सांगून टाकावं. बहुतेक वेळा ते नखभरच असतं.